लाल बावटा न लावलेले जहाज

वऱ्हाडातल्या माणसाला कापसाची आग समजावून सांगावी लागत नाही. भातकुली, बडनेरा, अमरावती या पट्ट्यात ज्याने जिनिंग-प्रेसिंगमध्ये एक हंगाम जरी काढला आहे, त्याला ठाऊक असते की सुटी रुई भसकन पेटते आणि जळूनही लवकर जाते. खरी भीती गाठीची. दाबून बांधलेल्या गाठीत ठिणगी शिरली की वरून काही दिसत नाही, थोडा धूर तेवढा येतो. पाणी मारले तर ते वरच्या थरातच राहते. विझली म्हणून बाजूला काढलेली गाठ दोन दिवसांनी पुन्हा धुमसू लागते.

अशा गाठींवर तोफगोळ्यांच्या पेट्या रचू का, असे जिनातल्या एखाद्या मुकादमाला कोणी विचारले असते तर त्याने विचारणाऱ्यालाच वेड्यात काढले असते. पण १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या जहाजात माल नेमका तसाच भरलेला होता. खाली कापूस, वर दारूगोळा.

१४ एप्रिल म्हटले की आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आठवते, आणि ते योग्यच आहे. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा सप्ताहही सुरू होतो. शाळांमधून प्रात्यक्षिके होतात, मुले बंब बघायला जातात. पण हा सप्ताह याच तारखेला का, हे त्या मुलांना फारसे कोणी सांगत नाही. ती तारीख मुंबईच्या गोदीत मेलेल्या ६६ बंबवाल्यांची आहे.

दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. जपानी फौजा ब्रह्मदेशातून इंफाळ-कोहिमापर्यंत येऊन ठेपल्या होत्या आणि मुंबई हे इंग्रज सरकारचे युद्धसाहित्य उतरवण्याचे मोठे बंदर बनले होते. ‘फोर्ट स्टिकीन’ १९४२ साली कॅनडात बांधलेले, सात हजार टनांचे मालवाहू जहाज. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडातील बर्कनहेडहून निघाले. त्यात १,३९५ टन दारूगोळा होता : पाणतीर, सुरुंग, तोफगोळे. त्यांपैकी २३८ टन अतिसंवेदनशील वर्गातला. शिवाय लढाऊ विमाने, आणि ३१ पेट्यांत बंद केलेल्या सोन्याच्या १२४ विटा. कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, वंगणाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड असे जे हाती आले ते भरले गेले. १२ एप्रिलला जहाज मुंबईला लागले.

दारूगोळ्याचे जहाज बंदरात कसे हाताळायचे याचे नियम तेव्हाही होते. पहिला नियम असा की असे जहाज गोदीच्या आत आणायचेच नाही. ते दूर खोल पाण्यात नांगरायचे, पडाव त्याच्याजवळ न्यायचे आणि माल थोडाथोडा करून उतरवायचा. दुसरा नियम, जहाजावर लाल बावटा चढवायचा, म्हणजे आजूबाजूची जहाजे, हमाल, पहारेकरी, सगळ्यांना कळावे की याच्या पोटात काय आहे. पण युद्धाच्या घाईत पहिला नियम गुंडाळून ठेवला होता, आणि ‘फोर्ट स्टिकीन’वर लाल बावटाही नव्हता. गोदीत शेजारी इतर जहाजे लागलेली होती. त्यांच्यावरच्या खलाशांना आपल्यापासून काही हातांवर काय उभे आहे याची खबर नव्हती. दोन दिवस उलटले तरी स्फोटके जहाजातच पडून होती.

१४ तारखेला शुक्रवार होता. जेवणाची सुट्टी संपवून गोदी कामगार दुसऱ्या क्रमांकाच्या होल्डवर परतले, तेव्हा खालून धूर येताना दिसला. आग कशाने लागली हे अखेरपर्यंत पक्के कळले नाही. कोणा कामगाराने विडी-सिगारेटचे थोटूक टाकले असावे, असा चौकशी आयोगाचा तर्क होता. मला हा तर्क खोटा वाटत नाही, पण अपुरा वाटतो. थोटूक टाकणारा गरीब हमाल शोधणे सोपे असते. ज्यांनी कागदावर सही करून कापसावर पाणतीर रचायला परवानगी दिली, त्यांच्या हातात विडी नव्हती एवढेच.

पुढचे दोन तास मात्र बारकाईने वाचण्यासारखे आहेत.

अग्निशमन दलाला पहिली वर्दी गेली ती साध्या आगीची. जहाजात दारूगोळा आहे हे त्या वर्दीत नव्हते, म्हणून दोनच बंब आले. खरा प्रकार कळल्यावर आणखी बंब मागवले गेले. नऊशे टनांहून अधिक पाणी होल्डमध्ये ओतले गेले. आता पुन्हा कापसाकडे या. पाणी ओतले तर कापसाची गाठ बुडत नाही, तरंगते. होल्डमध्ये पाणी चढत गेले तशा पेटलेल्या गाठीही वर चढत गेल्या, आणि वर काय होते? ज्या स्फोटकांना आगीपासून वाचवायचे, त्यांच्याच जवळ ती आग पाण्यावर स्वार होऊन निघाली होती. थोड्याच वेळात पाणी उकळू लागले. धुरामुळे आग नेमकी कुठे आहे ते दिसेना. शेवटी जहाजाच्या एका बाजूचा रंग फुगून सोलू लागला, तेव्हा कळले की आतली आग त्या पत्र्यामागे आहे. तिथे भोक पाडून आत पाणी मारावे म्हणून गॅस कटर आणला. तो चालला नाही.

काठावर आणि डेकवर तेव्हा चर्चा चालू होती. जहाज इथेच बुडवावे, तर गोदीत त्याच्या तळाखाली पुरेसे पाणी नव्हते, बुडवले तरी ते पूर्ण पाण्याखाली गेले नसते. ओढून समुद्रात न्यावे, तर वाटेत स्फोट होऊन सगळ्या बंदराचे काय होईल? जहाजाचा कप्तान, गोदीचा व्यवस्थापक, लष्कराचा दारूगोळा अधिकारी, बंबवाल्यांचे प्रमुख, सगळे तिथे हजर होते. प्रत्येकाचे मत होते. पण ‘हे करा’ असा हुकूम देण्याचा अधिकार एकट्या कोणाकडे नव्हता, किंवा निदान आपल्याकडे तो आहे असे कोणी धरून चालले नाही. हे वाचताना मला गावच्या कित्येक बैठका आठवतात, जिथे सगळे मोठे लोक बसलेले असतात आणि निर्णय तेवढा होत नाही. फरक एवढाच की इथे घड्याळ दारूगोळ्याचे होते.

त्या सबंध वेळात गोदी रिकामी केली गेली नाही. शेजारच्या जहाजांवर काम चालू होते. बघ्यांची गर्दी होती. बाहेर रस्त्यावर भोंगा वाजला नाही. ३ वाजून ५० मिनिटांनी ज्वाळा उफाळल्या आणि जहाज सोडण्याचा हुकूम झाला. बंबवाले मात्र हाती नळ्या घेऊन काठावरून पाणी मारत राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट, पहिल्याहून मोठा.

बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. सिमल्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला, आणि सिमला मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे १,४०० किलोमीटर. उसळलेल्या लाटेने ‘जलपद्म’ नावाचे चार हजार टनांचे जहाज उचलून धक्क्यावर आणून ठेवले. डझनभर जहाजे गेली. पेटलेल्या गाठी, तापलेले लोखंड आणि वंगणाची जळती पिंपे आकाशातून शहरावर पडली, आणि जिथे पडली तिथे नवी आग लागली.

गोदीला लागून मांडवी, मस्जिद बंदर, डोंगरी. दाट वस्तीचे मोहल्ले, खाली दुकान आणि वर बिऱ्हाडे, धान्याची गोदामे आणि त्यांत खेटून राहणारे हमाल. आपल्या वऱ्हाडातल्या कितीतरी घरांना हा भाग ओळखीचा आहे, कारण विमानाच्या आधीच्या काळात हजला जाणारे मुंबईला उतरून याच बाजूच्या मुसाफिरखान्यांत मुक्काम करत आणि इथूनच जहाज धरत. समुद्रमार्गे हजची वारी १९९५ पर्यंत चालू होती. त्या शुक्रवारी जुम्माची नमाज आटोपून लोक आपापल्या धंद्याला परतले होते. घरात बायका, म्हातारी माणसे, लेकरे. कोणालाच कोणी सांगितले नव्हते.

सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. ५० हजार लोकांची रोजीरोटी गेली. गोदी आणि अग्निशमन दलाशी संबंधित २३१ जण मेले, त्यांत ते ६६ बंबवाले. सामान्य नागरिक पाचशेच्या वर. काही अंदाज एकूण आकडा १,३०० पर्यंत नेतात. आकड्यांत एवढे अंतर पडावे याचे एक कारण उघड आहे. रोजंदारीवर गोदीत शिरलेल्या माणसाची, फुटपाथवर झोपणाऱ्या परगावच्या हमालाची नोंद कोण ठेवतो? कोकणातून, घाटावरून आलेल्या कित्येक घरांना आपला माणूस नेमका कुठे गेला हे कळले नसणार.

आणखी एक नुकसान असे की ५० हजार टनांहून अधिक धान्य जळाले. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेल्याला अजून वर्षही झाले नव्हते. मुंबईत काळाबाजार सुरू झाला. बंदरात बाँब फुटतो तेव्हा त्याची झळ बंदरापासून फार लांबच्या चुलीला लागते, ती अशी.

त्या सोन्याबद्दल लोक आजही चवीने बोलतात, म्हणून थोडक्यात. विटा हवेत उडाल्या. त्यांतली एक दीड-दोन किलोमीटरवर एका पारशी गृहस्थाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात येऊन पडली. त्याने ती सरकारजमा केली. सरकारने ९९९ रुपये बक्षीस दिले, तेही त्याने पीडितांच्या मदतीला देऊन टाकले. पुढे गाळ काढताना १९७०च्या दशकापर्यंत एखाददुसरी वीट मिळत राहिली. जवळजवळ सगळे सोने परत हाती आले. सोन्याच्या विटा मोजता आल्या, माणसे मोजता आली नाहीत. असो.

सरकारने पहिल्यांदा काय केले, तर बातमी दाबली. युद्धकाळातले सेन्सॉर होते. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, सविस्तर वृत्त दिले. म्हणजे शत्रूला सगळे कळले होते. इथल्या वार्ताहरांना बातमी बाहेर पाठवायला परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. नंतर सरकारने जबाबदारी मान्य केली, मालमत्तेची भरपाई दिली, आणि आठ हजार मजूर लावून सात महिन्यांत सुमारे पाच लाख टन मलबा उपसला. हेही नोंदवायला हवे. भरपाई मात्र ज्याच्याकडे कागद होता त्याला. झोपडीचा कागद नसतो.

मुंबईनंतर तीनच महिन्यांनी, १७ जुलै १९४४ रोजी, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागो या नौदलाच्या दारूगोळा बंदरात असाच स्फोट झाला. ३२० माणसे मेली, त्यांतले २०२ कृष्णवर्णीय. जहाजात बाँब भरण्याचे काम त्यांनाच लावले होते. शिक्षण दिले नव्हते, उलट कोणती टोळी जास्त माल भरते अशी शर्यत लावली जात असे. स्फोटानंतर वाचलेल्यांना पुन्हा तेच काम सांगितले तेव्हा शेकडो जणांनी नकार दिला. ५० जणांवर बंडाचा खटला चालवून शिक्षा केली गेली. ते निर्दोष ठरवले गेले २०२४ साली, बरोबर ८० वर्षांनी. त्याच्याही आधी, १९१७ मध्ये, कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात ‘मों ब्लाँ’ हे दारूगोळ्याचे जहाज फुटून सतराशेच्या वर माणसे मेली होती. त्या जहाजावरही लाल बावटा नव्हता.

अमेरिकेने यातून एक धडा घेतला. १९५५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात सनी पॉइंट नावाचे बंदर सुरू केले, जिथून आजही त्यांचा दारूगोळा समुद्रापार जातो. मोठ्या शहराच्या पोटात नाही, नदीकाठी, भोवती जंगलाचा रुंद पट्टा राखून. धक्के एकमेकांपासून दूर, म्हणजे एकाचा स्फोट दुसऱ्याला लागू नये. डबे उभे राहतात तिथे वाळूचे उंच बांध, स्फोट झालाच तर त्याचा जोर वर जावा म्हणून. यामागचा हिशेब साधा आहे : दारूगोळा जितका जास्त, तितकी वस्ती लांब. आपल्याकडेही नौदलाचा दारूगोळा आता मुंबईच्या जुन्या गोदीत नाही, खाडीपलीकडे उरणजवळ करंजाच्या शस्त्रागारात असतो. तिथल्या गावांत संरक्षित पट्ट्यातल्या घरांचा प्रश्न वर्षानुवर्षे भिजत पडला आहे, तो वेगळा विषय.

त्या दारूगोळ्याच्या ज्वाळा जिथे जाऊन पडतात, त्या देशांतल्या घरांबद्दल इथे लिहीत नाही. त्यावर लिहायला वेगळा लेख लागेल.

पण लष्करी माल असो वा नसो, बंदराचा हा दोष जुना झालेला नाही. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतमध्ये जे झाले ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले. एका जहाजातून उतरवलेले २,७५० टन अमोनियम नायट्रेट सहा वर्षे शहराला लागून असलेल्या गोदामात पडून होते. आधी आग लागली, बंबवाले गेले, आत काय आहे ते त्यांना सांगितले गेले नव्हते. त्या तुकडीतले दहाही जण गेले, त्यांत एक तरुणी. दोनशेच्या वर मृत्यू, सुमारे तीन लाख बेघर, आणि बंदरातली धान्याची कोठारे उद्ध्वस्त. मुंबईची हकीकत वाचल्यावर यातले काहीच नवे वाटत नाही.

आता वाचक म्हणतील, भातकुलीला समुद्र कुठे आहे? समुद्र नाही. आपल्याकडे पूर्णेचा खारपाणपट्टा आहे तेवढाच. पण बडनेऱ्याहून वर्ध्याकडे गाडीत बसा. धामणगाव सोडले, वर्धा नदीचा पूल ओलांडला की पुलगाव. तिथला केंद्रीय दारूगोळा भांडार देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. बंदरातून जो माल जातो किंवा येतो, तो आधी-नंतर अशाच कुठल्या तरी भांडारात असतो. ३१ मे २०१६च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या एका शेडला आग लागली. आजूबाजूच्या गावांतली माणसे लेकराबाळांना घेऊन अंधारात घराबाहेर पळाली. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह १६ जणांच्या मृत्यूची बातमी त्या दिवशी आली, नंतर आकडा १९ वर गेला. त्यांत मोठी संख्या पुन्हा आग विझवायला धावलेल्यांची होती. जुन्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक झिरपत असल्याची गोष्ट पुढे आली.

दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ रोजी, पुलगावजवळ सोनेगाव आबाजीच्या शिवारात निकामी दारूगोळा नष्ट करण्यासाठी आणला होता. पेट्या उतरवतानाच स्फोट झाला आणि सहा जण मेले. पेट्या उतरवणाऱ्यांत जवळपासच्या गावांतले रोजंदार होते. शेतात काम नसले की दिवसाच्या मजुरीसाठी जाणारी माणसे, जशी आपल्याकडेही घरोघर आहेत. उरलेले पितळ-लोखंड भंगारात विकायला त्या मैदानावर लोक जातात, हेही तेव्हा छापून आले.

ही कामे बंद पडणार नाहीत. देशाला लष्कर लागते आणि लष्कराला दारूगोळा. कोणाच्या घरचा मुलगा त्या कामावर जात असेल तर त्यात लाज नाही. पण कामावर जाण्याआधी मुकादमाला तीन गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते. पेटीत काय आहे? आग लागली तर कोणत्या बाजूला पळायचे? आणि माझे नाव हजेरीच्या कागदावर आहे का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नाव नसेल तर मागे राहिलेल्या बायकोला एक पैसाही मिळवणे अवघड होते. ज्यांची शेते अशा भांडाराच्या संरक्षित पट्ट्यात येतात, त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की १९०३च्या वर्क्स ऑफ डिफेन्स कायद्यात बांधकामावर बंदी घालण्याची तरतूद आहे तशी त्यापोटी भरपाई देण्याचीही आहे. बंदीची नोटीस लवकर येते, भरपाईचे मात्र मागे लागून घ्यावे लागते.

आणि भगिनींसाठी एक घरातली गोष्ट. भंगारवाल्याकडे किंवा शेतात जुना गोळा, पितळी नळकांडे सापडले म्हणून मुले खेळायला घरी आणतात. ते हातात घेऊ नये, ठोकू नये, चुलीजवळ नेऊ नये, भंगारात विकू नये. लेकरांना लांब करून ११२ वर फोन करावा.

मुंबईत भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्या ६६ जणांचे स्मारक आहे. दरवर्षी १४ एप्रिलला तिथे मानवंदना दिली जाते. मुंबई बंदराच्या तळाशी गाळ काढताना २०११ सालीदेखील, म्हणजे ६७ वर्षांनी, त्या जहाजातला मानला गेलेला जिवंत स्फोटक वर आला होता.